बूथकडे पाठ करून नाचलं तर चालेल का?

पत्र थोडक्यात असं:

पत्र लिहिणारीनं नुकतीच तिशी ओलांडली आहे. गेली नऊ वर्षं ती आणि तिची जिवलग मैत्रीण महिन्यातून एकदा तरी क्लबमध्ये नाचायला जातात. सुरुवातीला आज कोण वाजवणार आहे याची दोघी चौकशीही करत नसत. आत शिरायचं, स्पीकरजवळची जागा धरायची आणि पाय दुखेपर्यंत नाचायचं. (पत्रात इथे कंसात एक वाक्य आहे: 'तेव्हा ती माझ्याकडे बघून नाचायची.') अलीकडे मैत्रिणीला डीजेंच्या नावांचं वेड लागलं आहे. मोठं नाव असेल तरच ती निघते, तो बूथमध्ये, म्हणजे डीजे उभा राहून वाजवतो त्या जागी, येईपर्यंत बाहेर रेंगाळते आणि तो आला की पुढच्या कठड्याला रेलून, फोन उंच धरून उभी राहते. नाचणं जवळजवळ बंदच. पत्र लिहिणारीच्या मते खरं मोल संगीताचं. डीजे म्हणजे 'दुसऱ्यांची गाणी लावणारा माणूस'. मध्यंतरी क्लबबाहेर टॅक्सीची वाट बघताना दोघींचं चांगलंच वाजलं. ही म्हणाली, "तुला गाणी ऐकूच येत नाहीत, तुला फक्त तो माणूस दिसतो." ती म्हणाली, "मग घरी प्लेलिस्ट लावून नाच की!" त्यानंतर तीन आठवडे अबोला. आता मैत्रिणीचा वाढदिवस आला आहे आणि तिनं न विचारताच एका बड्या डीजेच्या रात्रीची दोन तिकिटं काढली आहेत. प्रश्न दोन आहेत. जायचं का? आणि क्लबमध्ये जाणाऱ्यानं मोठं कुणाला मानायचं, डीजेला की संगीताला? खाली सही: 'स्पीकरजवळची'.

प्रिय स्पीकरजवळची,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. 'डीजे' हा शब्द त्यात एकोणीस वेळा आला आहे, 'संगीत' अकरा वेळा. पण एकाही गाण्याचं नाव नाही. कुठल्या गायिकेचं नाही, ड्रमरचं नाही, संगणकापुढे रात्री जागवून ते गाणं रचणाऱ्याचंही नाही. टोमणा म्हणून सांगत नाही, माझी स्वतःचीही बरीच वर्षं अशीच गेली. पण 'मी संगीताच्या बाजूची' असं ठासून सांगणाऱ्या पत्रातलं संगीत इतकं निनावी असावं हे खटकलं खरं. मैत्रीण त्या माणसाकडे टक लावून बघते आणि तुम्ही त्याच्यावर चिडता. म्हणजे दोघींचंही लक्ष बूथकडेच.

तर आधी तुमचं ते वाक्य घेऊ, 'दुसऱ्यांची गाणी लावणारा माणूस'. यात खोटं काहीच नाही. आचारी दुसऱ्यानं पिकवलेली भाजी शिजवतो, हेही खोटं नाही.

तुमच्या बाजूनं उभा करावा असा सगळ्यांत भक्कम साक्षीदार म्हणजे न्यूयॉर्कचा डेव्हिड मॅनकुसो. 14 फेब्रुवारी 1970 रोजी त्यानं आपल्या राहत्या घरी, एका मोठ्या मोकळ्या माळ्यावर, निमंत्रितांसाठी नाचाची पार्टी केली. पुढे 'द लॉफ्ट' नावानं त्या पार्ट्या अनेक वर्षं चालल्या. दारूची विक्री नाही, दारात ओळखीची माणसं, आणि आवाजाची यंत्रणा अशी की तिच्यावर त्यानं आयुष्य ओतलं. गंमत पुढेच आहे. कालांतरानं त्यानं गाण्यात गाणं मिसळणं सोडूनच दिलं. रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत, करणाऱ्यानं केली तशी वाजवायची, संपू द्यायची, मग पुढची. स्वतःला डीजे म्हणवून घेणं त्याला आवडत नसे. आपण यजमान आहोत, ही त्याची भावना.

बघा, तुमचाच माणूस. पण त्याच रेकॉर्ड्सची पेटी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली असती तर ती रात्र तीच राहिली असती का? रात्री अकराला काय वाजवायचं, पहाटे चारला काय, कुठल्या गाण्यानंतर माणसांना जरा श्वास घेऊ द्यायचा, हे तोच ठरवत होता. त्यानं गाण्यांवरचा हात काढून घेतला, कान नाही काढला.

आता दुसऱ्या टोकाचा साक्षीदार. ऑगस्ट 1973, तेच शहर, ब्राँक्स भाग. क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा एक अठरा वर्षांचा पोरगा, टोपणनाव 'कूल हर्क', आपल्या बहिणीनं ठेवलेल्या पार्टीत, राहत्या इमारतीच्या सामायिक खोलीत रेकॉर्ड लावतो. अशा पार्ट्यांत त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. गाणाऱ्याचा आवाज थांबतो, वाद्यं बाजूला होतात आणि काही सेकंद नुसता ताल उरतो, त्या तुकड्याची नाचणारी मंडळी वाट बघत असतात. तो आला की तुटून पडतात, संपला की मलूल होतात. म्हणून त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर चढवल्या. इकडचा तुकडा संपला की तिकडचा, तोवर इकडची सुई मागे. काही सेकंदांचा ताल मिनिटभर, दोन मिनिटं, हवा तितका. नाचणाऱ्यांना जे आवडलं ते त्यानं पुन्हा पुन्हा वाढलं. हिप-हॉप आपला वाढदिवस आजही त्या पार्टीच्या तारखेला, 11 ऑगस्टला साजरा करतं. गाणी दुसऱ्यांचीच होती. पण त्या खोलीत जे वाजलं ते त्या दोन्हींपैकी एकाही रेकॉर्डवर नव्हतं.

यातलं संगीत कुठे संपतं आणि डीजे कुठे सुरू होतो, ती रेघ मला आजवर ओढता आलेली नाही.

माझीच एक फजिती सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका छोट्या क्लबमध्ये, ओळखीच्या डीजेच्या आग्रहावरून, मला पाऊण तास वाजवायला मिळालं. आठवडाभर मी गाणी निवडली. एकेक रत्न! तुमच्यासारखीच माझीही ठाम समजूत होती की गाणं चांगलं असलं की झालं. पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्याला कडेची माणसं पाणी आणायला निघाली. तिसरं माझं सगळ्यांत लाडकं, हळूहळू चढत जाणारं, दीड मिनिटानंतर कुठे बास, म्हणजे छातीत घुमणारा खालचा आवाज, येतो असं. तो बास आला तेव्हा ऐकायला फ्लोअरवर चौघं होते, त्यांतला एक बुटाची नाडी बांधत होता.

ओळखीचा डीजे शेजारीच उभा होता. "तू रेकॉर्डकडे बघतेयस," तो म्हणाला, "पाय बघ." मग त्यानं सूत्रं हातात घेतली. त्यानं जे गाणं लावलं ते मला सुमार वाटायचं, आजही वाटतं. पण ते ज्या रीतीनं आलं ते मी अगदी जवळून पाहिलं. हेडफोन एकाच कानावर, दुसरा कान खोलीसाठी मोकळा. येणारं गाणं फक्त त्यालाच ऐकू येत होतं. वेगाची पट्टी केसभर खाली, पुन्हा किंचित वर, तबकडीच्या कडेला बोटाचा हलका स्पर्श, दोन्हींचे ठोके एकावर एक बसले. मग नव्या गाण्याचा बास पूर्ण काढून नुसत्या वरच्या झांजा त्यानं आत सोडल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोन गाण्यांचे बास एकदम वाजले की नुसता चिखल होतो, म्हणून तो थांबला. ओठांतल्या ओठांत मोजत होता. चालू गाण्याचा टप्पा पुरा झाला त्याच ठोक्याला एका हातानं जुन्याचा बास खाली, दुसऱ्या हातानं नव्याचा वर. पाणी प्यायला गेलेली माणसं ग्लास हातात धरूनच परत आली.

तासाभरानं त्यानं माझं ते लाडकं गाणं लावलं. तेच, ज्यानं फ्लोअर रिकामा केला होता. तोवर लोक घामेजले होते, थोडं थांबायला तयार होते. दीड मिनिट सगळे त्या बासची वाट बघत राहिले आणि तो आला तेव्हा जी आरोळी उठली ती मी विसरणार नाही. गाण्यात तसूभरही बदल झाला नव्हता. जागा बदलली होती.

म्हणून मैत्रीण तुम्हाला 'घरी प्लेलिस्ट लावून नाच' म्हणाली त्यात राग असला तरी मुद्दा आहे. प्लेलिस्टला तुमचे पाय दिसत नाहीत.

एक भाबडी समजूत मात्र जाता जाता मोडायला हवी. 'आजकाल मशीनच ठोके जुळवतं, मग डीजे करतो काय?' असं विचारणारी पत्रं मला नेहमी येतात. सिंकचं बटण दाबलं की वेग जुळतो, हे खरंच आहे. पण वेग जुळवणं ही त्या कामातली कारागिरी, डोकं लागतं ते पुढचं गाणं कुठलं हे ठरवायला. सिंक वापरून उत्तम वाजवणारे आहेत आणि हातानं केसाइतकं अचूक जुळवून सबंध रात्र झोपवणारेही. न्यूयॉर्कच्याच 'पॅराडाइज गराज' या क्लबमध्ये 1977 ते 1987 अशी दहा वर्षं लॅरी लेव्हान वाजवायचा. लोक त्याच्यासाठी जीव टाकायचे. त्याच्या जोडण्या दर वेळी सफाईदार असत असं कुणी म्हणत नाही. एखादं गाणं त्याला आज फ्लोअरनं ऐकलंच पाहिजे असं वाटलं की तो ते एका रात्रीत पुन्हा पुन्हा लावायचा, लोकांना पटेपर्यंत. याला हट्ट म्हणा हवं तर, पण हट्टामागे मत होतं.

आता मैत्रिणीकडे वळू. तिची बाजू तुम्ही पत्रात फार पटकन निकालात काढली आहे.

क्लबमध्ये रात्रभरात जी गाणी वाजतात त्यांतली बहुतेक आपण आधी ऐकलेली नसतात. किंबहुना त्यासाठीच तर जायचं. मग न ऐकलेल्या गाण्यांसाठी तिकीट काढायचं कशाच्या भरवशावर? कुणाच्या तरी कानाच्या. 'हिनं मागच्या वेळी मला कुठून कुठे नेलं होतं, पुन्हा नेईल' या विश्वासाला एक नाव लागतं. या अर्थानं डीजेचं नाव बघून जाणं म्हणजे संगीताकडे पाठ फिरवणं नव्हे, तो संगीतापर्यंत पोचायचा एक रस्ता आहे.

तुम्हाला खुपतंय ते वेगळं आहे आणि ते मलाही खुपतं. नाव आणि काम यांत फारकत होते तेव्हा नाव उरतं. मोठ्या मंचावर आतषबाजी आणि पडद्यावरची चित्रं गाण्यांशी सेकंदाबरहुकूम बांधलेली असतील तर गाण्यांचा क्रम आधीच ठरलेला असणार, मग समोरच्या हजारो पायांनी काहीही केलं तरी त्याला फरक पडत नाही. त्या रात्री बूथमधला माणूस दोन्ही हात वर करून टाळ्या घेत असतो आणि तुम्ही प्रेक्षक असता. प्रेक्षक असण्यात वाईट काही नाही, पण तो निराळा कार्यक्रम आहे. ओळखायचं कसं? मी एवढंच बघते: बूथमधली व्यक्ती मान वर करून फ्लोअरकडे बघते का, आणि बघितल्यावर काही बदलतं का. पंधरा मिनिटांत कळतं.

आणि माणसांची तोंडं. जुन्या डान्स फ्लोअर्सवर बूथ कुठे तरी कोपऱ्यात, कधी चटकन दिसणारही नाही असा असायचा, माणसं एकमेकांकडे बघून नाचायची. बूथ मंचावर चढला, त्याच्यावर दिवे आले आणि सगळा फ्लोअर गाण्याच्या जलशासारखा एकाच दिशेला वळला. फोननं ते पक्कं केलं. बर्लिनच्या 'बर्गहाइन' क्लबमध्ये दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. आत काय झालं ते आत राहावं म्हणून हा नियम, पण त्याचा एक फायदा असा की वर धरायला हातात काही उरत नाही. मला हा नियम फार आवडतो. इतरांना तो जाचक वाटतो, वाटो.

तर डीजेचा हिशेब इथवर. आता 'संगीत मोठं' म्हणणाऱ्यांचा, म्हणजे तुमचा. कारण संगीत मोठं म्हणूनही संगीत करणाऱ्याला उपाशी ठेवता येतं, आणि तसं झालेलं आहे.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गावांतून 1970च्या दशकात नाचाचं एक वेड पसरलं होतं, त्याला 'नॉर्दर्न सोल' म्हणतात. विगन कसिनो हा त्यांचा सगळ्यांत गाजलेला अड्डा, 1973 ते 1981. तिथे जे वाजायचं त्यातलं बरंचसं अमेरिकेत काही वर्षांपूर्वी सपशेल आपटलेलं सोल, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीय गायकांचं संगीत. इथे गाणंच राजा. डीजेची पत त्याच्याकडे कुठली दुर्मिळ रेकॉर्ड आहे यावर. म्हणजे अगदी तुमच्या मनासारखी व्यवस्था. पण ती रेकॉर्ड दुसऱ्या डीजेला सापडू नये म्हणून काही जण मूळ लेबलावर कागद चिकटवायचे आणि गाण्याला, गाणाऱ्याला भलतंच नाव द्यायचे. त्याच्याही आधी जमैकाच्या साउंड सिस्टिमवाल्यांनी, म्हणजे मोठाले स्पीकर लावून नाच भरवणाऱ्यांनी, लेबलं खरवडून काढली होती. हजारभर माणसं एका आवाजावर जीव ओवाळून टाकतायत आणि तो आवाज कुणाचा हे त्यांना कळू नये याची तजवीज केलेली. ती गाणारी बाई समुद्रापलीकडे कुठे नोकरी करत असेल, कुणास ठाऊक.

दुसरी गोष्ट याहून कडू. 1969 साली 'द विन्स्टन्स' या बँडची एक रेकॉर्ड निघाली, तिच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाचं एक वाद्यगीत होतं. त्यात मध्येच ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटा वाजवतो, फक्त सहा-सात सेकंद. तेवढा तुकडा उचलून हजारो गाणी रचली गेली. 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' हे क्लबमधल्या संगीताचे प्रकार बऱ्याच अंशी त्या सहा-सात सेकंदांवरच उभे आहेत. तुम्ही नऊ वर्षं नाचताय म्हणजे कोलमनच्या हातावर तुम्ही नक्की नाचला आहात. त्याला त्या तुकड्याचे पैसे मिळाले नाहीत. 2006 साली तो गेला तेव्हा त्याला राहायला घरही नव्हतं. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्यासाठी 2015 साली लोकवर्गणी निघाली आणि सुमारे 24,000 पौंड जमले. ती वर्गणी सुरू केली दोन ब्रिटिश डीजेंनी. 'दुसऱ्यांची गाणी लावणाऱ्यां'नी.

हे वाचून अपराधी वाटून घेऊ नका, पण एक सवय लावून घ्या. रात्रीतलं एक गाणं, फक्त एक, नावानिशी घरी आणायचं. फोनवरच्या गाणं ओळखणाऱ्या ॲपला वीस सेकंद ऐकवा आणि फोन परत खिशात. ॲपला ओळखता आलं नाही तर सेट संपल्यावर डीजेला विचारा. हेडफोन कानाला असताना नव्हे, तेव्हा तो मोजत असतो. 'दीडच्या सुमाराला बाईचा आवाज होता ते कुठलं?' असं कुणी विचारलं तर बहुतेक डीजे हरखतात, कारण असं विचारणारं क्वचितच कुणी भेटतं. मग ते गाणं विकत घ्या, नुसतं स्ट्रीम करून सोडू नका. बऱ्याच देशांत क्लब संगीत वाजवण्याचा परवाना घेतात, त्याचे पैसे भरतात. पण ते पैसे नेमक्या माणसापर्यंत जायचे तर त्या रात्री काय वाजलं याची नोंद कुणी तरी करायला लागते, आणि ती दर वेळी होतेच असं नाही. तुम्ही विकत घेतलेल्या एका गाण्याचा रस्ता त्या मानानं सरळ असतो.

जाता जाता फर्माईश करणाऱ्यांसाठी: नको. गाण्याचं नाव मोठ्या अक्षरांत टाइप करून फोन बूथवर नाचवणं तर मुळीच नको. लग्नातल्या डीजेची गोष्ट वेगळी, तिथे फर्माईश पुरवणं हेच त्याचं काम असतं.

आता वाढदिवस. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. एक, 'माझं मत तुला माहीत आहे' म्हणून न जाणं. प्रामाणिक आहे, पण वाढदिवसाच्या दिवशी तत्त्व पाळून कुणाचं भलं होत नाही. दोन, जाऊन रात्रभर तोंड पाडून उभं राहणं. हे सगळ्यांत वाईट, आणि पत्राचा सूर बघता तुमच्या हातून होण्यासारखं. तीन, जाणं आणि जायची रीत बदलणं. मी तिसरं सुचवते.

पण आधी ते कंसातलं वाक्य. 'तेव्हा ती माझ्याकडे बघून नाचायची.' अख्ख्या पत्रात डीजेबद्दल नसलेलं, संगीताबद्दलही नसलेलं हे एकच वाक्य आहे, आणि ते तुम्ही कंसात ढकललं आहे. माझा तर्क चुकीचा असला तर सोडून द्या, पण मला वाटतं तुम्हाला डीजेचा राग नाही, ती वळली याचा आहे. आणि ती का वळली हे तुम्ही तिला विचारलेलं दिसत नाही. गुडघा दुखत असेल. वजन वाढलं म्हणून फ्लोअरवर लाजत असेल. दमत असेल. नाचणं अवघड झालेल्या माणसाला क्लब सोडवत नसेल तर कठडा आणि हातातला फोन हा मोठा आधार असतो, तिथे नुसतं उभं राहिलं तरी कुणी विचारत नाही. हे सगळं मी कल्पनेनं लिहितेय. कदाचित यातलं काहीच नसेल, तिला तो डीजे मनापासून आवडत असेल. पण विचारा. आणि 'तुला गाणी ऐकूच येत नाहीत' हे वाक्य परत घ्या. नऊ वर्षं जिच्याबरोबर एका ठोक्यावर पाय पडले तिला ऐकू येत नाही असं म्हणणं बरोबर नाही, आणि ते खरंही नाही.

त्या रात्री पहिली दहा मिनिटं तिच्याबरोबर कठड्याला उभ्या राहा. मनापासून, घड्याळाकडे न बघता. एक फोटो तुम्ही स्वतः काढा, तिचा, डीजेचा नव्हे. मग तिला म्हणा, चल आता मागे. आली तर आली. नाही आली तर अर्ध्या तासानं पुन्हा बोलवा. तोवर तुम्ही बूथकडे पाठ करून खुशाल नाचा. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या लेखी हेच आहे. डीजेचा यात अपमान नाही. चांगल्या डीजेला वर धरलेले फोन नको असतात, पाय हवे असतात.

आणि हो, टोपणनाव बदला. ते वाचल्यापासून मला तुमच्या कानांची धास्ती लागून राहिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 साली अशा ठिकाणांसाठी जो मानदंड दिला त्यात आवाजाची सरासरी कमाल पातळी 100 डेसिबल धरली आहे, तीही कानांना विश्रांती मिळेल अशा शांत जागेची सोय ठेवून. स्पीकरला चिकटून उभं राहिलं की तुमच्या कानांवर त्याहून जास्त आदळू शकतं. नऊ वर्षं महिन्यातून एकदा हा काही थोडका हिशेब नाही. घरी आल्यावर कानात शिटी वाजत असेल तर ती रात्रीची आठवण नव्हे, इशारा आहे. संगीतासाठी बनवलेले इयरप्लग मिळतात, ते सगळे सूर सारखेच खाली आणतात, कापसाच्या बोळ्यासारखं सगळं घुसमटून टाकत नाहीत. शिवाय आवाज सगळ्यांत नीट ऐकू येतो तो स्पीकरजवळ नाहीच. दोन्ही बाजूंच्या स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, जरा मागे, फ्लोअरच्या मधोमध उभ्या राहून बघा. भिंतीपाशी आणि कोपऱ्यात बास साचतो.

राहता राहिली वेळ. मैत्रीण मुख्य डीजे येईपर्यंत बाहेर रेंगाळते, ते या वेळी होऊ देऊ नका. सगळ्यांत आधी जी व्यक्ती वाजवते तिचं काम त्या रात्रीतलं सगळ्यांत अवघड. खोली रिकामी, दिवे अजून नको इतके उजळ, माणसं भिंतीला धरून. मोठी गाणी हाताशी असूनही वाजवायची नाहीत, ती पुढच्यासाठी राखायची. वेग आवरून धरायचा. आणि तरीही कुणाचा तरी पाय हलवायचा. मुख्य डीजे येतो तेव्हा फ्लोअर तापलेला असतो तो या माणसामुळे, आणि तोवर त्याच्याकडे कुणाचंच लक्ष गेलेलं नसतं. रिकाम्या फ्लोअरवर दोघींनाच नाचायला जागाही भरपूर असते. मैत्रीण लाजत असेल तर तेही तिथे सोपं.

तेव्हा अबोला तुम्हीच मोडा, आज रात्रीच. लांबलचक लिहू नका. 'येतेय. पण दार उघडल्या उघडल्या आत जायचं.' ती विचारेल, इतक्या लवकर कोण असतं तिथे? तिला सांगा, पोस्टर काढ आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांत बारीक अक्षरांत जे नाव आहे ते वाच.